दुसऱ्याची काठी

रुडीच्या गळाच्या काठीचं टोक एकदा वाकलं, सरळ झालं, पुन्हा वाकलं.

"रुडी, लागलाय बघ," शेजारी उभा असलेला एमिल म्हणाला.

रुडी कठड्यालगतच्या बाकावर पाय पसरून बसला होता. टोपी डोळ्यांवर ओढलेली, उजवा हात शर्टाच्या खिशात, काठीची मूठ दोन गुडघ्यांत धरलेली आणि काठी कठड्याला टेकवलेली. तो हलला नाही.

मे महिन्याचं कोवळं ऊन होतं. बेलमारच्या धक्क्यावरून तिकीट काढून निघालेली चाळीस माणसं खांद्याला खांदा लावून कठड्याशी उभी होती. इंजिन बंद होतं, बोट ओहोटीबरोबर आपली सरकत होती. सगळे आले होते फ्लूकसाठी. आपल्याकडच्या लेप माशासारखा चपटा, वाळूत पडून राहणारा, दोन्ही डोळे एकाच अंगाला असलेला मासा. तो आमिष आधी नुसतं चघळतो. घाई करून ओढलं की गेला. थांबावं लागतं, आणि थांबण्यात रुडीचा हात कुणी धरत नसे. मासा लागला की मुद्दाम झोपेचं सोंग घ्यायचा, शेजारच्यांचा जीव टांगणीला लागेपर्यंत.

"म्हातारा सुरू झाला," पलीकडून कुणीतरी म्हणालं. चार माणसं हसली.

सकाळी लोरेटाने, म्हणजे रुडीच्या बायकोने, एमिलला धक्क्यावर बाजूला घेतलं होतं. छातीच्या ऑपरेशननंतर नवऱ्याला समुद्रावर सोडायची तिची तयारीच नव्हती. एमिल जबाबदारी घेतो म्हणाला म्हणून तिने सोडलं. दुखलं तरी तो बोलायचा नाही, तू त्याच्या तोंडाकडे बघत राहा, रंग उडाला की समज, असं तिने दोनदा सांगितलं. गोळ्या शर्टाच्या खिशात होत्या. एक जिभेखाली ठेवली की भागणार होतं.

एमिलला ते आठवलं नाही असं नाही. आठवलं. पण एवढा मासा लागल्यावर रुडीला काय धाड भरणार आहे, असं त्याला वाटलं.

शिवाय नियम होता. दिवसातला सगळ्यांत मोठा मासा ज्याचा, त्याला सगळ्यांची वर्गणी. पण मासा ज्याचा त्यानेच वर काढायचा. काठीला दुसऱ्याचा हात लागला की मासा बाद. सात वर्षांपूर्वी रुडीची काठी निसटत होती म्हणून एमिलने चांगुलपणाने ती धरली, आणि रुडीच्या जन्मातला सगळ्यांत मोठा मासा बाद झाला. तेव्हापासून पत्ते खेळताना, जेवताना, रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर रुडीने त्याला सुखाने जगू दिलं नव्हतं. आज बोटीवर चढतानाही बजावलं होतं, "माझ्या काठीला हात लावलास तर हात मोडून ठेवीन."

एमिलने दोन्ही हात पँटच्या खिशात घातले. सगळ्यांना दिसतील असे.

रिळातून दोर सुटायला लागला. बोटीवरचा खलाशी डॅरिल लांब दांड्याची जाळी घेऊन आला आणि उभा राहिला. जाळी त्याची, काठी त्याची नव्हे. "मोठा आहे," तो म्हणाला. "रुडी, पुरे आता." लोकांनी आपापले गळ वर घेतले आणि माना वळवल्या. चाळीस जणांचे डोळे त्या टोकावर खिळले. टोपीखाली कुणी बघितलं नाही.

काठी गुडघ्यांतून हळूहळू वर सरकली आणि कठड्यावर आडवी पडली. एमिलचे हात खिशातून बाहेर आले, काठीपासून वीतभर अंतरावर थांबले आणि परत खिशात गेले. काठी कठड्यावरून उसळली आणि पाण्यात गेली.

आता कुणी हसलं नाही. सोंग असतं, पण आपली काठी अशी कुणी जाऊ देत नाही.

डॅरिलने टोपी उचलली. रुडीचं तोंड राखेसारखं झालं होतं, ओठ निळे पडले होते. शर्टाच्या खिशातला हात बाहेर काढला तर मुठीत गोळ्यांची डबी होती. झाकण अर्धं फिरवलेलं.

मग सगळे उपाय झाले. डॅरिलने त्याला फळ्यांवर आडवं केलं आणि हात भरून येईपर्यंत छाती दाबली, मग दुसऱ्याने दाबली, मग तिसऱ्याने. कॅप्टनने वायरलेसवर मदत मागितली आणि बोट पळवली तेवढी पळवली. एमिल रुडीचे पाय मांडीवर घेऊन बसून राहिला. रुडीचा तो हात शर्टाच्या खिशात कधी गेला होता, हे बोटीवर कुणालाही सांगता येईना. मासा कधी लागला, ते कुणीही सांगितलं असतं.

धक्क्यावर अँब्युलन्सच्या शेजारी लोरेटा उभी होती. रुडीला उतरवून नेलं. डॅरिलने ती डबी तिच्या हातात दिली. तिने झाकण बघितलं, मग एमिलकडे बघितलं. त्याचे हात पुन्हा खिशात होते.

"तू शेजारीच होतास ना?" तिने विचारलं.

"अगदी शेजारी," एमिल म्हणाला. "पण मी हात लावला नाही, लोरेटा. विचार कुणालाही. कुणीच हात लावला नाही."