ओबेडची पाळी

केझायाच्या दारात पाऊल टाकण्याआधी फीबीने तोंडावरून हात फिरवला. चेहऱ्यावर आनंद दिसत तर नाही ना, याची तिला धास्ती होती. तीन वर्षांनी तिचा मुलगा ओबेड आज सकाळी देवमाशांच्या शिकारीवरून नँटकेट बेटावर परतला होता. त्याच जहाजावर केझायाचा मुलगा जेथ्रोही गेला होता.

केझाया पावाचं पीठ मळत होती. तिने मान वर केली नाही.

"जहाज आलं म्हणे."

"हो."

"तुझा आला?"

"आला गं."

केझायाचे हात पिठातच थांबले. "बरं झालं," ती म्हणाली. "वाळला असेल पोरगा."

"केझाया, अगं..."

"थांब. एवढ्यात नको सांगूस."

तिने पिठाचा गोळा केला, त्यावर ओलं फडकं टाकलं, हात धुतले आणि बाकावर येऊन बसली.

"हं. सांग आता."

फीबीने सांगितलं. दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी, केप हॉर्नला वादळ लागलं. शीड आवळायला डोलकाठीवर चढलेला जेथ्रो समुद्रात पडला. त्या लाटांत होडी पाण्यात सोडता आली नाही. चौदा महिने झाले.

"चौदा महिने," केझाया म्हणाली. "आणि मी कालसुद्धा देवाकडे त्याच्यासाठी चांगला वारा मागितला."

रडत होती ती फीबीच.

मग केझायाने विचारलं, "ओबेड का नाही आला सांगायला?"

फीबीला हे सांगायचं नव्हतं. पण या बाईशी ती आजवर कधी खोटं बोलली नव्हती.

"माळ्यावर जाऊन बसलाय. घास घेत नाही. म्हणतो, मावशीला कुठल्या तोंडाने भेटू? वर चढायची पाळी त्याची होती. तो तापाने फणफणला होता, म्हणून जेथ्रो गेला."

फीबी खाली बघत राहिली. आता ही आपल्याला जा म्हणेल, आणि या घराचं दार आपल्याला कायमचं बंद होईल, असं तिला वाटलं.

केझाया उठली. तिने खुंटीवरची टोपी डोक्यावर घातली. हनुवटीखाली नाडी काही केल्या बांधता येईना. शेवटी फीबीने बांधून दिली.

फीबीच्या घरी केझाया एकटीच शिडी चढून माळ्यावर गेली. फीबी खालीच उभी राहिली. मग ओबेडचा हुंदका फुटला.

"रड, रड," केझायाचा आवाज आला. "मग सावकाश सगळं सांग. तो काय खायचा, कशावर हसायचा, सगळं. मला घाई नाही बाळा. मला आता कुणाची वाट बघायची नाहीये."