बावीस किलोमीटर

कंपनीच्या पत्राला आपण उत्तरच दिलेलं नाही, हे निवृत्त ग्रंथपालांना वर्कशॉपची पायरी चढताना आठवलं. 'गाडी पन्नास हजार किलोमीटरपुढे गेल्याने वॉरंटी संपली आहे. हरकत असल्यास कळवावे.'

हरकत होतीच. गाडी इथे आणून टाकली तेव्हा मीटरवर एकोणपन्नास हजार आठशे नव्वद होते. वहीत तशी पेन्सिलीने नोंद होती. पण आपणच आकडा चुकीचा टिपला असेल तर? या शंकेत आठवडा गेला होता.

"काका, मीटर कशाला खोटं बोलेल?" मॅनेजर वैतागून म्हणाला.

"अहो, इंजिन तुमच्या टेबलावर पडलंय! गाडी काय मी ढकलत फिरवली?"

मेकॅनिक खाली बघत पुटपुटला, "चाकंसुद्धा काढून ठेवलीत, काका. तरी रोज बावीसने वाढतंय."

ग्रंथपालांनी मनातल्या मनात बावीसचे निम्मे केले. इथून त्यांचं घर अकरा किलोमीटरवर होतं.

घरी येताच त्यांनी तिरमिरीत उत्तर लिहिलं, 'गाडी जागची हललेली नाही.' पाकीट चिकटवून ते चपला घालू लागले.

"टपालपेटीपर्यंत चालत कशाला जाताय?" बायको आतून करवादली. "रोज दुपारी दारात गाडी आणता, हॉर्न वाजवता आणि आत न येताच निघून जाता. हा काय चाळा लावलाय?"

तेवढ्यात दारात हॉर्न वाजला.

ग्रंथपाल मागच्या दाराने निघाले ते थेट टपालपेटीशी थांबले. पाकीट आत पडलं, तेव्हा हॉर्न त्यांच्यामागोमाग गल्लीच्या तोंडाशी आला होता.