दोन्या हासिंताला जमेल का?

दवाखान्यात नंबर लावायचं ॲप दुसऱ्या दिवशी सुरू व्हायचं होतं. पण ते वापरणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना भेटायला कंपनीने ना वेळ दिला होता ना पैसे. म्हणून ॲप बनवणाऱ्या नोएलियाने एक बाई मनानेच रचली होती: दोन्या हासिंता, म्हणजे हासिंताबाई, वय अडुसष्ट, राहणार असुन्सियोन, गुडघेदुखी. तिचं चित्र भिंतीवर होतं आणि प्रत्येक बटण तिला विचारून, म्हणजे टीमने आपसात अंदाज बांधून, ठरत होतं.

निदान एका खऱ्या माणसाला दाखवावं म्हणून नोएलियाने आईला ऑफिसात बोलावलं. आई गरम चिपा पावांची पिशवी घेऊन आली, गार तेरेरेचे दोन घोट घेतले आणि फोन हातात धरून म्हणाली, "किती सोपं केलंयस गं!"

"आई, खरं सांग. कुठे अडलीस?"

"लेकीने केलंय, आणि मी अडेन?" तेवढ्यात तिचं लक्ष भिंतीकडे गेलं. "ही कोण?"

"हीसुद्धा वापरणार आहे."

"अगं बाई! हिला नाही जमायचं. अक्षरं केवढीशी! 'पुढे' दाबलं की आधीचं पुसलं जाईल म्हणून घाबरेल बिचारी."

"अडली तर लेकीला विचारेल की."

"विचारेल एकदा. लेक फोन हातातून ओढून घेते नि स्वतःच करून टाकते. मग दुसऱ्यांदा कशी विचारणार?"

नोएलिया आईशेजारी खुर्ची ओढून बसली आणि आपले दोन्ही हात तिने मांड्यांखाली घट्ट दाबून ठेवले.

"कर आई. सावकाश."