चाळीस बायका

"चाळीस बायका म्हणजे काही जग नव्हे." बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रबंध टेबलावर आपटला. "सर्वेक्षण पुन्हा करा. निदान चारशे तरी हव्यात."

मौखिक परीक्षेला बसलेल्या मुलीने मनातल्या मनात हिशेब केला. पुन्हा सर्वेक्षण म्हणजे आणखी दोन वर्षं. नेमणुकीचं पत्र तेवढं थांबणार नव्हतं. प्रबंधाचा विषय होता, देव न मानणारे नवरे आणि त्यांच्या वाट्याचंही देवाचं करणाऱ्या बायका. टेबलापलीकडचे तिन्ही पुरुष, परीक्षक, विभागप्रमुख आणि समितीचे अध्यक्ष, जाहीर नास्तिक. विभागप्रमुखांची तर त्यावर दोन पुस्तकं होती. मार्गदर्शक बाई कोपऱ्यात बसून पेन्सिलीला टोक काढत होत्या.

"वाचा बघू एखादी मुलाखत," परीक्षक म्हणाले. "वानगीदाखल."

तिने वाचलं. "मुलाखत सतरा. 'यांचा कशावर म्हणून विश्वास नाही. मी कोटाच्या अस्तरात ताईत शिवलाय. यांना ते ठाऊक नाही, असं आम्ही दोघंही धरून चालतो. पण कोट धुवायला टाकला की स्वतःच विचारतात, ते काढलंस ना?'"

परीक्षकांचा हात कोटाच्या डाव्या बाजूला गेला आणि तिथेच राहिला.

"सतरा वगळा. प्रातिनिधिक वाटत नाही. पुढे."

"मुलाखत एकतीस. 'महत्त्वाच्या कामाला निघाले की हे दारात बुटाची नाडी बांधत बसतात. माझी प्रार्थना संपेपर्यंत ती नाडी काही बांधून होत नाही.'"

विभागप्रमुखांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. "एकतीसही काढा. लोकांच्या घरात किती डोकवायचं, याला काही मर्यादा?"

"आणि अकरा," इतका वेळ पेंगत असलेले अध्यक्ष म्हणाले.

"अकरा मी अजून वाचलीच नाही, सर."

"माहितीये. तरी काढा."

परीक्षक पुढे वाकले. आवाज एकदम घरगुती झाला. "हे बघ पोरी, खरं सांग. आमच्याकडे कधी आली होतीस तू?"

"कुणाकडेच नाही, सर. या सगळ्या बंदरावरच्या क्रेनचालकांच्या बायका. पान सेहेचाळीसवर दिलंय."

परीक्षकांनी पान शोधलं. सेहेचाळीस आणि सत्तेचाळीस अजून एकमेकांना चिकटलेली होती.



बाईंनी पेन्सिलीच्या टोकावर फुंकर मारली. "मग सर, अहवालात काय लिहू? चाळीस बायका म्हणजे जग नव्हे, सर्वेक्षण पुन्हा?"

परीक्षकांनी विभागप्रमुखांकडे पाहिलं. विभागप्रमुखांनी आपल्या बुटांकडे.

"नको," परीक्षक म्हणाले. हात अजून कोटावरच होता. "चाळीस पुष्कळ झाल्या."