दारासमोरचा खड्डा

भरलेला डंपर मुंगीच्या पावलांनी पुढे सरकत होता आणि डॉरीन मॅकेल्वी त्याच्या मागच्या चाकांवर नजर लावून चालत होती. हार्डवेअरच्या दुकानापुढचं पार्किंगचं जुनं डांबर काल उखडलं होतं. आज दाबलेल्या खडीवर नवं पडायचं होतं; त्याआधी खाली कुठं कच्चं नाही ना, ते ती डंपरच्या वजनानं तपासत होती. दुकानाच्या दारापासून पंधरा पावलांवर चाकाखालची खडी हलली. खचली नाही, नुसती डुलली.

"थांब! मागे घे. आता परत पुढे."

पुन्हा डुलली.

दुकानाचा मालक गुडाल्स्की कॉफीचा पेला घेऊन बाहेर आला. "तिथंच ना? दोन इंच डांबर जास्त टाका. माझे वडील दर उन्हाळ्यात तेच करायचे. चाळीस वर्षं."

"आणि बर्फ वितळला की परत खड्डा?"

"न चुकता. तीन ठेकेदार बदलले त्यांनी. एकाला तर कोर्टात खेचलं. सगळे लबाड, म्हणायचे."

डॉरीननं खिशातून फोन काढला आणि डांबराच्या कारखान्याला सांगितलं, तीन वाजेपर्यंत एकही गाडी भरू नका.

"अहो बाई!" गुडाल्स्कीची कॉफी सांडली. "ऑक्टोबर संपत आला, थंडी पडली की डांबर टाकता येत नाही. आज नाही पडलं तर हिवाळाभर लोकांनी चिखलातून यायचं का माझ्याकडे?"

"वीस वर्षं टिकेल असं लिहून दिलंय. खाली सही माझी आहे."

ते खरंच होतं. पण तिला छळत होतं ते वेगळंच. पंधरा दिवसांत पावसाचा थेंब नव्हता. मग खडीखालची जमीन अशी डुलण्याइतकी भिजली कशानं?

खोदयंत्रावर एमेट होता. त्यानं खडी बाजूला केली. खाली पिवळी माती, तिच्याखाली काळा, लोण्यासारखा चिखल. चार फुटांवर यंत्राचा दात दगडाला लागला आणि खड्ड्यात पाणी जमू लागलं.

"फोडला वाटतं नळ," एमेट म्हणाला. "आता आपलं काही खरं नाही."

डॉरीननं दुकानात जाऊन नळाची मुख्य चावी बंद केली. परत येऊन पाहते तो पाणी वाढतच होतं. ती खाली उतरली आणि दगडाच्या फटीत हात घातला. हाडं ठणकली इतकं गार.

"नळाचं नाही हे. झरा आहे."

गुडाल्स्की काठावर येऊन वाकला. त्याचा आवाज एकदम खाली आला. "येतोय कुठून?"

"काय माहीत! पण जायला वाट नाही त्याला. म्हणून हिवाळ्यात गोठून फुगतो, वरचं सगळं उचलतो आणि वितळला की खचतो."

त्यांनी रस्त्याकडेच्या खोल चरापर्यंत नाली खणली, भोकांचा पाइप टाकला, भोवती गोटे भरले. जेवायला कुणी थांबलं नाही. दीड वाजता तिघंही चराच्या काठावर पाइपच्या तोंडाकडे बघत ओणवी उभी होती.

"आलं?" गुडाल्स्कीनं विचारलं.

"धीर धरा."

आधी गढूळ ओघळ आला. मग धार. पाहता पाहता ती काचेसारखी नितळ झाली.

गुडाल्स्की इस्त्रीच्या पँटनिशी चरात उतरला, गुडघ्यांवर बसला आणि धारेखाली हात धरून राहिला. मग ओल्या हातानंच त्यानं फोन लावला.

"बाबा, मी बोलतोय. दारासमोरचा तो खड्डा... हो, तोच. खाली झरा होता, बाबा. कुणी लबाड नव्हतं. थांबा, ऐकवतो."

त्यानं फोन धारेजवळ नेला. एमेटनं शेजारी धडधडणारं यंत्र बंद केलं.

थोड्या वेळानं गुडाल्स्कीनं फोन कानाला लावला. "ऐकू आलं का?"

"फोन काढू नकोस," म्हातारा म्हणाला. "तिथंच धर."