कालचे आकडे

सकाळचे आकडे आले आणि नेव्हिल हार्गरीव्हचा चहा तसाच निवून गेला. ‘कॉब्लर्स यार्ड’ ही टीव्ही मालिका पुन्हा घसरली होती. सगळ्या ब्रिटनमध्ये मिळून ती बघणारे आता तीस लाखही उरले नव्हते. लंडनच्या मालिकेनं तिला परत मागं टाकलं होतं.

नेव्हिल उत्तर इंग्लंडमधल्या रॉचडेलचा, टपाल खात्यातून निवृत्त झालेला. ‘कॉब्लर्स यार्ड’ म्हणजे त्याच्याच भागातल्या एका गल्लीची गोष्ट, त्यामुळे तिची बाजू घेणं त्याला भागच होतं. इंटरनेटवर एक मंडळ होतं. कोणती मालिका किती लोकांनी बघितली यावर तिथं रोज भांडणं चालत. एकेकाळी भांडायला शेकडो जण असत. आता पाच-सहा म्हातारे उरले होते, आणि त्यांतला सगळ्यांत चिवट म्हणजे लंडनच्या मालिकेच्या बाजूचा, तिथल्याच क्रॉयडनचा कीथ.

कीथनं लिहिलं होतं, “काय नेव्हिलराव, तुमच्या गल्लीत दिवा लावायला तरी कोणी उरलंय का?”

नेव्हिलनं ठरलेलं उत्तर दिलं. काल फुटबॉल होता. ऊन छान होतं, लोक बागेत बसले होते. शिवाय नंतर मोबाइलवर बघणारे यात धरलेलेच नाहीत. कीथनंही ठरलेलं उत्तर दिलं, की फुटबॉल आणि ऊन लंडनकरांनाही होतं. दोघं हेच वर्षानुवर्षं लिहीत आले होते. टाइप करता करता नेव्हिलला जांभई आली. पण गप्प बसायचं म्हणजे हरल्यासारखं. आणि आता तर मालिका चालू ठेवायची की गुंडाळायची, हे वाहिनी पानगळीत ठरवणार होती.

म्हणून त्या संध्याकाळचा भाग महत्त्वाचा होता. गल्लीतल्या पबला आग लागणार होती. वाहिनीनं महिनाभर जाहिरात केली होती. नेव्हिल स्वयंपाकघरात कॉम्प्युटर उघडून बसला. त्याची बायको मॉरीन पुढच्या खोलीत टीव्हीसमोर होती. घरातली पद्धतच तशी होती. मालिका ती बघायची. तो बघणारे मोजायचा. भिंतीपलीकडून ऐकू येईल तेवढी मालिका त्याला पुरे होत असे.

आग लागली, आरडाओरडा सुरू झाला, आणि तेवढ्यात जवळच्याच बोल्टनच्या एकानं मंडळात लिहिलं की चित्र गेलंय, नुसता आवाज येतोय. पाठोपाठ प्रेस्टनहून तेच. नेव्हिल ताठ बसला. चित्रच नाही म्हटल्यावर लोक दुसरीकडे वळणार. आकडा पडणार, पण दोष मालिकेचा नाही. कीथच्या तोंडावर मारायला याहून चांगलं काय हवं? आपल्याकडेही गेलंय का, एवढं बघून यावं म्हणून तो उठला.

पुढच्या खोलीत पडदा काळा होता. काचा फुटत होत्या, कोणीतरी एडना, एडना म्हणून हाका मारत होतं. मॉरीन खुर्चीच्या कडेला आली होती. मान जराशी वळवून ती पडद्याकडे बघत होती.

“कधी गेलं गं चित्र?” त्यानं विचारलं.

हातांची बोटं तिनं एकमेकांत गुंतवली.

“गेलंय का?” ती म्हणाली.

आधी त्याला थट्टाच वाटली. मग तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. ती थकल्यासारखी, हळूहळू सांगत गेली. मधलं सगळं पुसल्यासारखं झालं होतं. कडेचं दिसत होतं. त्यावर चहा करता येत होता, जिना चढता येत होता. चेहरे तेवढे गेले होते. खुर्ची तिनं टीव्हीजवळ ओढून घेतली होती, ती हीटरसाठी असेल असं तो धरून चालला होता.

“माझा चेहरा?”

तिनं त्याच्यावरून मान बाजूला वळवली, डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसावा म्हणून. “कान दिसतात तुझे,” ती म्हणाली.

स्वयंपाकघरात कॉम्प्युटर टुणटुण करत राहिला. नेव्हिल सोफ्यावर बसला. थोड्या वेळानं चित्र परत आलं. तेव्हा तिनं विचारलं, की बाहेर कोणाला काढलं? त्याला नाव सांगता येईना. इतकी वर्षं तो या मालिकेसाठी भांडला होता, पण त्यातलं एकही माणूस त्याला ओळखता येत नव्हतं. म्हातारी आहे, लाल कोट, पांढरे केस, असं तो जमेल तसं सांगू लागला. “म्हणजे एडना वाचली,” मॉरीन म्हणाली आणि खुर्चीत मागं टेकली. मग शेवटपर्यंत दिसेल ते तो सांगत गेला आणि कोण कोणाचं, ते ती.

त्याच आठवड्यात तो तिला मँचेस्टरला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. त्या चांगल्या होत्या, पण त्यांनी आडपडदा ठेवला नाही. गेलं ते परत येणार नाही. उरलंय ते इंजेक्शनांनी टिकवता येईल. थंडीतच आला असतात, तर बरंच वाचलं असतं.

परतीच्या बसमध्ये दोघं शेजारी बसले. त्याच्या खिशात फोन सारखा थरथरत होता. आगीच्या भागाचे, नंतर बघणारे धरून काढलेले आकडे आले असणार. त्यानं फोन बाहेर काढला नाही. बरंच अंतर गेल्यावर त्यानं विचारलं, “मला सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं होतं,” मॉरीन म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. “नाताळच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. तू म्हणालास, थांब जरा, आधी आकडे येऊ देत.”