मदर सीरियस

मनुबाई गेल्याचं इस्लामपुरात मंगळवारी सकाळीच घरोघर कळलं. अमेरिकेत तिच्या मुलाला, कृष्णातला, कळलं नाही. त्याला तार गेली होती, पण तीत 'मदर सीरियस, कम सून' एवढंच होतं.

शुक्रवारी दुपारी त्याची उलट तार आली. ती हातात धरून त्याचे वडील, पेन्शनीवर आलेले हवालदार लालासाहेब, तारऑफिसात आले. बाकावर बसले, उठले, पुन्हा बसले. बरोबर मनुबाईचा धाकटा भाऊ आकाराम होता.

"काय म्हणतंय पोरगं, दाजी?"

"दवाखाना कुठला, डॉक्टर कोण, ती शुद्धीवर हाय का, असं विचारतोय. औषध लागंल ते विमानानं धाडतो म्हणतोय."

आकारामनं कपाळावर हात मारला. "पलटणीतल्या माणसाचा पोरगा, आन् एवढं कळंना? तारंत सीरियस आलं म्हंजी काय, ते शेंबड्या पोरालाबी ठावं हाय!"

"मी जम्मूला असताना 'फादर सीरियस' आली," लालासाहेब म्हणाले. "सुभेदार पंजाबी. त्यानं तार वाचली आन् उठून माझ्या खांद्यावर हात ठेवला. सुटीचं मला बोलावंच लागलं न्हाई."

"मग ह्येला काय झालं?"

लालासाहेब खिडकीपर्यंत गेले, परत आले. "त्येचं कामच तसलं हाय. कंप्युटरला अक्षरांची समीकरणं सोडवायला शिकवतोय. मागल्या उन्हाळ्यात आलता तवा हिला सांगत बसलाता. दोनी बाजूंना क्ष दिसला की माणूस क्षनं भागून मोकळा हुतो. क्ष शून्य नसणारच, असं धरून चालतो. आन् असला शून्य, तर उत्तर चुकलं. म्हणून ह्येंचं यंत्र मधीच थांबतं आन् विचारतं, क्ष शून्य हाय का न्हाई? मनानं काय धरत न्हाई. सांगितल्याबिगर पुढं सरकत न्हाई."

"आक्का काय म्हणाली?"

"म्हणाली, तुज्या यंत्राला माणसाच्या तोंडाकडं बघून कळत न्हाई व्हय रं?"

आकाराम हसला. मग खाली बघत राहिला.

तारमास्तरांनी खिडकीतून कोरा फॉर्म सरकवला. "हवालदार, पाचला मी खिडकी लावणार. आज तार गेली तर पोरगा दहाव्याला पोचेल. नाहीतर औषधाचा खोका पोचेल."

"आणा हिकडं, मी लिवतो," आकाराम म्हणाला.

"तू नगं. मागलीबी तूच लिवलीस."

"लिवली मी. शब्द तुमचं हुतं, दाजी."

लालासाहेबांनी पलटणीत शिकलेल्या मोठ्या इंग्रजी अक्षरांत मुलाचा पत्ता लिहिला. एकेक अक्षर तपासलं. मग 'मदर' लिहिलं आणि पेन उचललं. दारापर्यंत जाऊन आले. बाहेर साखर कारखान्याकडे जाणाऱ्या बैलगाड्यांची रांग उभी होती.

"मास्तर, 'व्हेरी सीरियस' लिवलं तर?"

तारमास्तरांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "तर तो विचारेल, मोठा डॉक्टर आणलाय का."

"आवं दाजी, एक शब्द हाय," आकाराम हळू आवाजात म्हणाला. "एकच."

"मला ठावं हाय."

पाच वाजायला सात मिनिटं कमी होती. तारमास्तर हात पुढे करून थांबले होते. लालासाहेबांनी पेन पुन्हा कागदाला टेकवलं. पत्ता झाला होता, 'मदर' झालं होतं. पुढचा शब्द अजून लिहायचा होता.